पावसाळ्यातले गढूळ पाणी, तुरटी आणि सोडियम सिलिकेट : कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का?

देवराई (धागाकर्ता) | 11 जून, रात्री 9.20

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सात वाड्यांची मिळून एक नळपाणी योजना आहे. नदीतल्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) पाणी उचलायचे, टेकडीवरच्या केंद्रात तुरटी घालून ते निवळायचे, वाळूच्या फिल्टरमधून काढायचे, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचे आणि उंच टाकीतून गावात सोडायचे, अशी तिची साधी रचना आहे. दिवसाला साधारण 2 लाख लिटर पाणी जाते. मी पूर्वी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे आणि आता पाणीपुरवठा समितीचे काम पाहतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला आहे.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत आमची काही तक्रार नसते. मृग लागला आणि सड्यावरची (कातळी पठारावरची) तांबडी माती घेऊन नदी उतरली की मात्र पाणी निवळता निवळत नाही. आमचा ऑपरेटर तुरटीची मात्रा वाढवत नेतो, तरी टाकीत जो फ्लॉक (गाळाचा पुंजका) धरतो तो चुलीतल्या राखेसारखा बारीक आणि हलका असतो. तो तळाशी बसण्याऐवजी काठावरून वाहून फिल्टरवर जातो आणि दोन-तीन तासांत फिल्टर चोक होतो. काल रात्री त्याने चार वेळा बॅकवॉश घेतला, म्हणजे गावाला द्यायचे पाणी फिल्टर धुण्यातच गेले.

पाणीशुद्धीकरणाच्या एका जुन्या अभ्यासक्रमात मला असे वाचायला मिळाले की सोडियम सिलिकेटपासून (वाळू आणि सोड्यापासून बनणाऱ्या दाट द्रावणापासून) तयार केलेली ‘सक्रिय सिलिका’ तुरटीच्या जोडीला थोडीशी दिली, तर फ्लॉक मोठा, जड आणि चिवट होतो. हे कोणी प्रत्यक्ष केले आहे का? कोकणातल्या पाण्याला ते मानवेल का? आणि खेड्यातल्या केंद्रावर ते सुरक्षितपणे करता येईल का?

फिल्टरहाऊस | 11 जून, रात्री 10.05

सर, मी गेली बावीस वर्षे सिंधुदुर्गात शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. तुम्ही गढूळपणा सांगितलात, तुरटी सांगितलीत, पण अल्कलिनिटी, म्हणजे अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) सांगितली नाहीत. माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे.

आपल्याकडचे पाणी जांभ्यातून येते. त्यात चुनखडीचा अंश नसल्यासारखाच असतो, आणि पावसाळ्यात तर ते जवळजवळ पावसाचेच पाणी असते. तुरटीचा गाळ धरायचा म्हणजे तिचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व्हायला हवे आणि त्यासाठी पाण्यातली अल्कलिनिटी खर्च होते. ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. तुमच्या पाण्यात ती 15-20 असेल आणि तुम्ही 60 मिलिग्रॅम तुरटी घालत असाल, तर अर्ध्या वाटेतच ती संपते, पाणी आंबट होते आणि उरलेली तुरटी तशीच विरघळलेली राहते. त्यापुढे तुरटी वाढवली की काम सुधारत नाही, उलट बिघडते. सिलिकेटचा विचार जरूर करा, पण आधी चुना देऊन पाहा.

सातूचे_पीठ | 11 जून, रात्री 10.30

हा धागा वाचत आहे. राजापूरच्या आमच्या वाडीतही जूनमध्ये नळाला असेच चहासारखे पाणी येते, आणि आम्ही ते कळशीत तुरटी फिरवून रात्रभर ठेवतो. सकाळी वरचे निवळ पाणी काढून घेतले की खाली बोटभर साका राहतो.

नवशिकी | 11 जून, रात्री 11.10

मी पर्यावरण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला एक गोष्ट समजत नाही. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतून धन भाराचे ॲल्युमिनियम येते आणि तो भार फेडला जातो, इथपर्यंत ठीक आहे. पण सिलिकाही ऋण भाराची असते. मग ऋण कणांच्या पाण्यात आणखी ऋण वस्तू घालून ते निवळायला मदत कशी होईल?

शास्त्रीकाठ | 12 जून, सकाळी 7.15

नवशिकी, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याच्या उत्तरातच सिलिकेटचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नुसत्या सिलिकेटने मातीचे पाणी साकळत नाही. ते तुरटीला पर्याय नाही, तुरटीचे जोडीदार आहे. तुरटी आपले काम करते आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे धन भाराचे लहान लहान पुंजके तयार होतात. सक्रिय सिलिका म्हणजे सिलिकाच्या रेणूंच्या जोडलेल्या, ऋण भाराच्या लांबट साखळ्या. त्या या पुंजक्यांना चिकटतात आणि एका पुंजक्यातून दुसऱ्यात जाऊन त्यांना बांधून टाकतात, जशी भिंतीत दोन चिऱ्यांना सांधणारी दर्ज. त्यामुळे फ्लॉक आकाराने वाढतो, ढवळताना तुटत नाही आणि चटकन खाली बसतो. मात्र सिलिका गरजेपेक्षा जास्त झाली की पुंजक्यांवरचा सगळा धन भार तीच झाकून टाकते, आणि मग तुम्हाला वाटली तीच अडचण उभी राहते : सगळे कण पुन्हा ऋण होऊन तरंगत राहतात. म्हणून तिची मात्रा तुरटीच्या साधारण दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे लिटरमागे 2 ते 5 मिलिग्रॅम एवढीच ठेवतात.

ही रीत नवी नाही. शिकागोच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे जॉन बेलिस यांनी 1930 च्या दशकात तिच्यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि 1937 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथला प्रश्न थंड पाण्याचा होता. हिवाळ्यात मिशिगन सरोवराचे पाणी गोठणबिंदूजवळ जाते, त्यात तुरटीचा फ्लॉक हळू आणि अशक्त धरतो, आणि तिथे सिलिकेने मोठा फरक पडला. आपल्याकडे पाणी पावसाळ्यातही 25 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे थंडीचे ते कारण आपल्याला लागू नाही. फ्लॉक हलका राहण्याची आपली कारणे दोन आहेत : पावसाळ्यात अत्यंत बारीक मातीबरोबर अपुरी अल्कता, आणि उन्हाळ्यात पाणी फारच स्वच्छ असल्याने फ्लॉकला वजन देणारे कणच नसणे. पहिल्या कारणावर फिल्टरहाऊस यांनी सांगितलेला चुना हाच मूळ उपाय आहे. चुना दिल्यावरही फ्लॉक हलका राहिला, तर सिलिकेटची पाळी येते.

वाफकोठी | 12 जून, सकाळी 9.40

मी एका औद्योगिक वसाहतीत बॉयलर विभाग सांभाळतो आणि मला या कल्पनेची काळजी वाटते. आम्ही पाण्यातली सिलिका काढण्यासाठी जिवाचे रान करतो. बॉयलरच्या नळ्यांवर सिलिकेचा थर बसला की तो काचेसारखा कडक असतो आणि आम्लानेही सहजी निघत नाही. दाब जास्त असेल तर ती वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. आरओच्या पडद्यांवरही तिचा थर बसतो. अशी वस्तू आपण होऊन पाण्यात घालावी हे मला पटत नाही. तुमच्या योजनेतून एखाद्या काजू कारखान्याला किंवा बर्फाच्या कारखान्याला पाणी जात असेल, तर त्यांना आधी विचारायला हवे.

सडा_आणि_कातळ | 12 जून, दुपारी 1.30

वाफकोठी, तुमची काळजी तुमच्या कामाच्या दृष्टीने रास्त आहे, पण प्रमाण लक्षात घ्यायला हवे. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो. जगातल्या नद्यांच्या पाण्यात विरघळलेली सिलिका लिटरमागे सरासरी 10 ते 15 मिलिग्रॅम मुळातच असते आणि बेसाल्टच्या विहिरींत ती याहून बरीच जास्त सापडते. त्यात 3 मिलिग्रॅम घातली आणि त्यातलीही बरीचशी फ्लॉकबरोबर गाळात बसली, तर नळाला पोचणारी वाढ किरकोळ असेल.

आपली तांबडी माती इतकी त्रासदायक का, तेही सांगतो. जांभा म्हणजे लाखो पावसाळ्यांत धुऊन निघालेला खडक. त्यातली चुन्याची, सोड्याची आणि बरीचशी सिलिकेची द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले. त्याबरोबर केओलिनाइट नावाची माती असते, तिचे कण इतके बारीक असतात की स्थिर पाण्यात आठवडाभरही तरंगतात. म्हणजे कोकणच्या नदीला पावसाळ्यात पुष्कळ माती मिळते, पण त्या मातीला साकळवायला लागणारा चुना मिळत नाही. घाटावरच्या काळ्या मातीच्या पाण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लावता येत नाही, तो याच कारणाने.

कळशी | 12 जून, दुपारी 3.05

माझी शंका वेगळी आहे आणि ती मनापासून विचारते आहे. माझे माहेर कणकवली तालुक्यात आहे. कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि त्या धुळीने छातीचे विकार होतात हे लहानपणापासून ऐकत आले आहे. तीच सिलिका पिण्याच्या पाण्यात घालणार म्हटल्यावर मला भीती वाटली. घरात लहान मूल आहे.

शास्त्रीकाठ | 12 जून, संध्याकाळी 6.20

कळशीताई, तुमची भीती अनाठायी म्हणणार नाही, कारण सिलिकोसिस हा खरा आणि गंभीर आजार आहे. पण तो स्फटिकरूप सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन, वर्षानुवर्षे तिथे राहिल्याने होतो. पाण्यात असते ती विरघळलेली किंवा जेलच्या रूपातली, स्फटिक नसलेली सिलिका. पोटात गेलेली अशी सिलिका शरीर लघवीवाटे बाहेर टाकते. तांदूळ, नाचणी आणि भाज्यांतून आपण ती रोज खातच असतो. म्हणून तुमच्या बाळाच्या पाण्यासाठी ही काळजीची बाब नाही. खाणीतल्या कामगाराच्या नाकावर मात्र मास्क असायलाच हवा. दोन्ही ठिकाणी नाव एकच असल्याने गल्लत होते.

कासार्ड्याचा तुम्ही उल्लेख केलात म्हणून सांगतो, सोडियम सिलिकेट बनते ते अशाच शुद्ध वाळूपासून. वाळू आणि धुण्याचा सोडा भट्टीत हजार अंशांहून जास्त तापमानाला एकत्र वितळवले की काचेसारखा पदार्थ होतो. तो दाबाखालच्या वाफेने पाण्यात विरघळवला की काकवीसारखे दाट द्रावण मिळते. म्हणून त्याला जलकाच म्हणतात.

कळशी | 12 जून, रात्री 8.45

मनापासून आभार, दादा. आता एक आठवण सांगते, विषयाला धरूनच आहे. माझी आजी निवळीचे बी मडक्याच्या आतल्या बाजूला, काठाजवळ ओल्या दगडासारखे घासायची आणि मग त्यात नदीचे पाणी ओतायची. किती घासायचे ते तिचे ठरलेले असे : बोटाला बुळबुळीत लागले की पुरे. एकदा मी हौसेने दोन बिया पूर्ण झिजवल्या, तर पाणी सकाळपर्यंत तसेच गढूळ राहिले आणि आजी म्हणाली, “चढ झाली.” तुमचे जास्त सिलिकेचे वाचून ते आठवले.

शास्त्रीकाठ | 12 जून, रात्री 9.10

आजींचे निरीक्षण अचूक होते. निवळीच्या, म्हणजे संस्कृतातल्या कतकाच्या, बियांतले पाणी निवळणारे घटकही ऋण भाराच्या लांब साखळ्यांचेच असतात. ते कणांना एकमेकांशी सांधतात आणि जास्त झाले की सांधण्याऐवजी प्रत्येक कण वेगळा गुंडाळतात. सिलिकेचे वागणे पुष्कळसे असेच आहे. नवशिकी, तुमच्या वहीत हे उदाहरण लिहून ठेवा.

भट्टीवाला | 13 जून, सकाळी 8.00

मी मूळ देवगडचा, पण नोकरीची अठ्ठावीस वर्षे कोल्हापुरात फाउंड्रीत काढली. सोडियम सिलिकेट आम्ही रोज ड्रमच्या ड्रम वापरत होतो, पाण्यासाठी नव्हे, साच्यांसाठी. वाळूत सिलिकेट कालवायचे, साचा ठोकायचा आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. वायू लागताच काही सेकंदांत वाळू दगडासारखी घट्ट होते. हे सांगण्याचे कारण असे, की सिलिकेट आम्ल वस्तूच्या संपर्कात आले की थिजणार, हा त्याचा स्वभाव आहे. एकदा उघडा राहिलेला नळ आम्हाला छिन्नीने फोडावा लागला होता. केंद्रावरच्या टाकीत आणि पाइपात असे झाले तर काय कराल, याचा विचार सुरुवातीलाच करा. दुसरे असे, की ते बऱ्यापैकी क्षारधर्मी असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणाला हाताळू देऊ नका. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि तडक दवाखान्यात जायचे.

शास्त्रीकाठ | 13 जून, सकाळी 10.30

भट्टीवाल्यांनी सांगितलेला थिजण्याचा स्वभाव हाच या रीतीचा गाभा आहे. सिलिका ‘सक्रिय’ करणे म्हणजे तिला थिजण्याच्या वाटेवर न्यायचे आणि पूर्ण थिजण्याआधी थांबवायचे. ते कसे करतात ते क्रमाने लिहितो.

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या द्रावणात वजनाने साधारण 28 ते 29 टक्के सिलिका असते आणि सोड्याच्या सुमारे 3.2 पट सिलिका हे त्याचे प्रमाण असते. प्रथम ते पाणी घालून साधारण दीड टक्का सिलिकेपर्यंत पातळ करायचे. मग त्यात सौम्य केलेले गंधकाम्ल सतत ढवळत, थोडे थोडे करून सोडायचे. बेलिस यांच्या पद्धतीत अल्कता लिटरमागे सुमारे 1100 ते 1200 मिलिग्रॅम उरेपर्यंत आम्ल देतात; हिशेब केला तर मूळ सोड्यापैकी साधारण 85 टक्के निष्क्रिय होतो. द्रावण अजून क्षारधर्मीच असते. ते उदासीन बिंदूच्या जवळ नेले तर थिजण्याचा वेग सर्वांत जास्त होतो, म्हणून तिथे जायचे नाही. आता ते साधारण दोन तास मुरू द्यायचे. या वेळात लहान रेणू जुळून साखळ्या होतात आणि स्वच्छ द्रावणाला फिकट निळसर दुधाळ झाक येते. ती दिसली की लगेच पाणी घालून ते 1 टक्क्याच्या खाली आणायचे, म्हणजे साखळ्या वाढण्याचा वेग मंदावतो आणि द्रावण दिवसभर वापरता येते. पाणी घालण्यास उशीर झाला तर टाकीत खोबरेल तेल थिजावे तसे ते थिजते, आणि ते पुन्हा पातळ होत नाही.

आम्लाऐवजी खाण्याचा सोडा, तुरटी, अमोनियम सल्फेट किंवा क्लोरिनही वापरतात. मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर क्लोरिन हाताशी असतो, म्हणून तो वापरला जाई. खेड्यात मी खाण्याचा सोडा सुचवेन. मुरायला वेळ थोडा जास्त लागला तरी आम्ल हाताळावे लागत नाही.

फिल्टरहाऊस | 13 जून, दुपारी 2.15

साहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. रात्री दोन वाजता, मुसळधार पाऊस, लाईट गेलेली, जनरेटरवर एकटा ऑपरेटर, अशा वेळी निळसर झाक कोण पाहणार? आमच्याकडे आता पीएसी, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड आले आहे. ते तुरटीइतकी अल्कलिनिटी खात नाही, त्यामुळे आपल्या मऊ पाण्याला चांगले मानवते. आणखी हवेच असेल तर पॉलीइलेक्ट्रोलाइट (कणांना सांधणारे, लांब साखळ्यांचे द्रव्य) अर्धा मिलिग्रॅमच्या आत पुरते. सिलिकेटची रीत ज्यांनी शोधली त्यांच्याकडे त्या काळी दुसरे काही नव्हते.

शास्त्रीकाठ | 13 जून, दुपारी 4.00

पीएसीबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पॉलीइलेक्ट्रोलाइटबद्दल मात्र सावध राहावे असे मला वाटते. त्यातली पुष्कळशी द्रव्ये ॲक्रिलामाइडपासून बनतात, आणि पाण्यात उरलेल्या ॲक्रिलामाइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 0.0005 मिलिग्रॅम इतकी कडक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेला मालच घ्यायचा आणि मात्रेचे बंधन पाळायचे, एवढी शिस्त त्यालाही लागते. सिलिकेटमध्ये विषारी अवशेषाचा प्रश्नच येत नाही, हे मला त्याचे मोठे मोल वाटते. ऑपरेटरवरच्या ओझ्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच ते द्रावण दिवसा, एकाच वेळी, दिवसभराचे करून ठेवायचे आणि रात्री फक्त थेंबांची गती पाहायची, असे केले तरच ते टिकेल.

देवराई | 16 जून, रात्री 9.50

पाच दिवस लिहिले नाही, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत मुक्काम होता. सगळ्यांच्या सूचना डोळ्यांसमोर ठेवून आम्ही नदीच्या पाण्यावर जार टेस्ट घेतली. ढवळण्याचे यंत्र नाही, म्हणून सहा बीकर ओळीने मांडले आणि सहा मुलांनी काचकांडीने एका तालात ढवळले : आधी एक मिनिट जोरात, मग वीस मिनिटे सावकाश, मग अर्धा तास हात न लावता ठेवले.

फिल्टरहाऊसभाऊ, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. कच्च्या पाण्याची अल्कता 16 निघाली आणि गढूळपणा 180 एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक). आम्ही केंद्रावर 60 मिलिग्रॅम तुरटी देत होतो. तेवढीच बीकरमध्ये दिली तर पीएच (पाण्याचा आंबटपणा सांगणारा आकडा; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट) 4.8 वर उतरला आणि अर्ध्या तासाने वरच्या पाण्यात 38 एनटीयू राहिले. तुरटी 40 वर आणून 12 मिलिग्रॅम चुना दिला, तर पीएच 6.5 राहिला आणि गढूळपणा 9 झाला. म्हणजे आम्ही गेली किती तरी वर्षे पावसाळ्यात तुरटी वाढवून पाणी बिघडवतच होतो. हे मी समितीसमोर जसेच्या तसे मांडले आहे.

नवशिकी | 16 जून, रात्री 10.15

सर, पीएच 4.8 असताना विरघळलेले ॲल्युमिनियमही वाळूतून पार होऊन नळाला गेले असणार ना?

शास्त्रीकाठ | 17 जून, सकाळी 7.40

होय. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची विद्राव्यता पीएच 6 ते 6.5 च्या आसपास सर्वांत कमी असते आणि पाच-साडेपाचच्या खाली ती झपाट्याने वाढते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 10500, 2012 ची आवृत्ती, ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा 0.03 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 0.2 मिलिग्रॅम सांगते. गढूळपणासाठी हेच आकडे 1 आणि 5 एनटीयू आहेत, तर पीएच 6.5 ते 8.5 मध्ये हवा. देवराई सर, निवळल्यानंतर अखेरच्या टाकीत आणखी थोडा चुना देऊन पीएच 7 च्या पुढे न्या. तुमच्या लोखंडी पाइपांनाही ते बरे.

वाशिष्ठी | 17 जून, सकाळी 11.00

आमच्या चिपळूणकडे चित्र थोडे वेगळे आहे, म्हणून लिहिते. कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणी वाशिष्ठीत येते, त्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहती राहते आणि धरणातून आलेले ते पाणी फार स्वच्छ असते. माझे वडील पाणीपुरवठ्यात होते. ते सांगत की पावसाळ्यातल्या 200 एनटीयूपेक्षा फेब्रुवारीतले 4 एनटीयू निवळणे अवघड असते, कारण फ्लॉकला धरायला मातीच नसते आणि तो कापसासारखा तरंगतो. तेव्हा ते थोडी बेंटोनाइट माती मुद्दाम घालत. शास्त्रीकाठ यांनी उन्हाळ्याचा उल्लेख वर ओझरता केला आहे, पण मला वाटते कोकणात सिलिकेटला खरी जागा तिथे आहे. त्या दिवसांत पाऊस नसतो, घाई नसते आणि पाण्याचा गुण दिवसागणिक बदलत नाही, त्यामुळे एकदा ठरवलेली मात्रा महिनाभर चालते.

22 जुलै 2021 च्या महापुरानंतर आमच्या घरात कंबरभर चिखल होता आणि कित्येक दिवस पाणी टँकरने येत होते. पाणी निवळण्याच्या कामाला मी तेव्हापासून कधी साधे काम म्हटलेले नाही.

फिल्टरहाऊस | 17 जून, दुपारी 1.20

ताई, तुमच्या वडिलांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. फेब्रुवारीचा कापसासारखा फ्लॉक मीही पाहतो. त्या दिवसांसाठी सिलिकेट करून पाहायला माझी हरकत नाही. माझे मत पावसाळ्यातल्या रात्रीपुरते होते.

सडा_आणि_कातळ | 17 जून, संध्याकाळी 5.30

पाइपांचा विषय निघाला आहे म्हणून थोडी भर घालतो. मऊ, किंचित आंबट पाणी लोखंड खाते आणि नळाला तांबूस पाणी येते. सिलिकेट अत्यल्प प्रमाणात पाण्यात राहिले तर पाइपाच्या आतल्या बाजूवर पातळ संरक्षक पापुद्रा धरते, हाही त्याचा जुना उपयोग आहे. ज्या बोअरवेलला लोहाचे पाणी आहे तिथे क्लोरिनबरोबरच सिलिकेट दिले तर लोहाचे कण अतिसूक्ष्म राहतात आणि कपड्यांवर तांबडे डाग पडत नाहीत. मात्र तिथे लोह पाण्यातच राहते, निघून जात नाही. पाणी निवळण्यासाठी घातलेली सिलिका आणि लोह तरंगत ठेवण्यासाठी घातलेले सिलिकेट, ही दोन कामे एकमेकांच्या उलट आहेत. एकाच केंद्रावर दोन्ही करू नयेत.

देवराई | 23 जून, रात्री 10.40

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण आता आमच्याजवळ स्वतःचे उत्तर आहे.

रविवारी शास्त्रीकाठ साहेब स्वतः आमच्या गावी आले. शाळेत 2 लिटर द्रावण केले : 105 ग्रॅम सोडियम सिलिकेट, आणि सुमारे साडेबारा ग्रॅम गंधकाम्ल आधी पाण्यात सौम्य करून. साहेब बीकर खिडकीच्या उजेडात धरून दर दहा मिनिटांनी पाहत होते. पहिला तास ते नुसते पाणी दिसत होते. एक तास पन्नास मिनिटांनी बीकरमागे धरलेल्या काळ्या कागदावर अगदी फिकट निळी झाक उमटली, पातळ निळीच्या पाण्यासारखी. साहेब म्हणाले, “आता पाणी ओता,” आणि आम्ही ते दुप्पट पाण्यात मिसळून अर्धा टक्का केले. एका वाटीभर द्रावणात मुद्दाम पाणी घातले नाही. संध्याकाळी ती वाटी उलटी केली तर एक थेंब सांडला नाही. आत जेलीसारखा गोळा होता. आमच्या ऑपरेटरने ती वाटी केंद्रावर नेऊन खिडकीत ठेवली आहे.

जार टेस्टमध्ये 40 मिलिग्रॅम तुरटी आणि 12 मिलिग्रॅम चुन्यानंतर, अर्ध्या मिनिटाने, सुई काढलेल्या सिरिंजने 0.6 मिलिलिटर द्रावण, म्हणजे 3 मिलिग्रॅम सिलिका दिली. पाचव्या मिनिटाला फ्लॉक नाचणीच्या दाण्याएवढा झाला आणि ढवळणे थांबवताच सरळ खाली जाऊ लागला. वरचे पाणी 4 एनटीयू. तुरटी 30 वर आणून चुनाही त्या मानाने कमी केला, तर 5 राहिले. सिलिका 8 मिलिग्रॅम दिली त्या बीकरमध्ये मात्र 26, आणि पाणी दुधाळ. कळशीताईंच्या आजींचा “चढ झाली” हा शब्द मुलांनी त्या बीकरवर खडूने लिहिला.

समितीत पुष्कळ चर्चा होऊन असे ठरले : या पावसाळ्यात चुना आणि तुरटीचे प्रमाण नीट सांभाळायचे, रोज सकाळी अल्कता आणि पीएच मोजून फळ्यावर लिहायचे. चुना सुरू केल्यापासून बॅकवॉश रात्रीतून एकदाच लागतो आहे. सिलिकेटचा प्रयोग वाशिष्ठीताईंनी सुचवल्याप्रमाणे जानेवारीत, खाण्याचा सोडा वापरून, दिवसापाळीत करायचा. तोपर्यंत 50 लिटरची झाकणाची प्लास्टिकची टाकी आणि द्रावण सोडण्यासाठी पारदर्शक नळी घ्यायची, म्हणजे आत काही थिजू लागले तर दिसेल आणि नळी बदलता येईल. ही सूचना भट्टीवाल्यांच्या छिन्नीवरून सुचली.

भट्टीवाला | 24 जून, सकाळी 7.30

टाकीच्या तळाचा कॉक मोठ्या व्यासाचा घ्या, आणि दिवसाचे काम संपले की उरलेले द्रावण टाकून देऊन टाकी आणि नळी साध्या पाण्याने धुवा. उद्यासाठी कधीही शिल्लक ठेवू नका.

फिल्टरहाऊस | 24 जून, सकाळी 9.05

सर, जानेवारीत मी दोन दिवसांची रजा टाकून येईन. तुमच्या ऑपरेटरबरोबर पाळी करतो आणि आमच्या धरणाच्या पाण्याचे दोन कॅन बरोबर आणतो. त्याच द्रावणावर तेही तपासून पाहू.